ओल्या फडक्यातलं घड्याळ

"पान्हा फुटला की पाज व माय. घड्याळाले का पान्हा फुटते?" गोदाबाईंनी सुनेला बजावलं होतं. पण त्याच दमात त्या पुढे म्हणाल्या, "अन लयच रडली तं मोहरीएवढी अफू चाटव. चंद्रभान त्याच्यावरच मोठा झाला."

एकाच तोंडून, एकाच श्वासात आलेल्या दोन सल्ल्यांपैकी एक अफूचा निघाल्यावर शिकलेली बाई दुसऱ्याची काय पत ठेवणार? सुभद्रेनं दोन्ही सल्ले एकाच सुपात घेतले आणि एकाच झटक्यात पाखडून टाकले.

सुभद्रा अमरावतीची, इंटरपर्यंत कॉलेजात शिकलेली. तिचं पहिलं बाळ बारशाआधीच गेलं होतं. त्यामुळे दुसऱ्या खेपेला झालेल्या शेवंताला ती डोळ्यांत तेल घालून जपे. बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला एक पातळसं इंग्रजी पुस्तक दिलं. मुलाला दर चार तासांनी पाजावं, मधे रडलं तरी घेऊ नये, रात्री तर मुळीच नाही; जे मूल रडून दूध मिळवतं ते पुढे जन्मभर सगळंच रडून मिळवू पाहतं, असं त्यात ठणकावून लिहिलं होतं. सुभद्रेला ते पटलं. पहिल्या बाळाच्या वेळी जो येई तो काहीतरी सांगून जाई, आणि नेमकं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नव्हतं. इथे निदान चूक-बरोबर कळायची सोय होती. फक्त घड्याळ हवं.

घड्याळ सासरी होतं, आणि ते साधंसुधं नव्हतं.

अकोल्यात मोर्णेच्या काठाला तिच्या सासऱ्यांचा, खुशालरावांचा मळा होता. वांगी, मेथी, कोथिंबीर, एका अंगाला संत्र्याची झाडं आणि बांधाकडेनं शेवंतीचे वाफे. विहीर मात्र अर्धी त्यांची आणि अर्धी शेजारच्या नत्थुजींची. पाण्याच्या पाळ्या सावलीवर ठरत आणि सावलीवरूनच भांडणं होत. आभाळ आलं की दोघंही सूर्य आपल्याच बाजूनं असल्याचं सांगत. शेवटी ज्या वर्षी संत्र्याला मुंबईत भाव लागला, त्या वर्षी खुशालराव तिकडून एक मनगटी घड्याळच घेऊन आले. स्विस बनावटीचं, पोलादी, आणि दुकानदारानं काचेच्या भांड्यात बुडवून दाखवलेलं. मळेकऱ्याचे हात दिवसभर पाण्यात, तेव्हा त्याला असंच घड्याळ पाहिजे, असा त्यामागचा विचार. किंमत त्यांनी घरात कुणालाच सांगितली नाही. फक्त परत आल्यावर बरेच दिवस बिडी ओढली नाही, त्यावरून गोदाबाईंनी काय ते ओळखलं.

घरी आल्यावर मात्र विचार फिरला. एवढ्या मोलाची वस्तू पाण्यात कोण घालणार? पाट फोडायला निघाले की खुशालराव आधी घड्याळ काढून ठेवत.

"अवं, पाण्यासाठीच तं आनलं न तुमी?" गोदाबाई म्हणत.

"ते नाई भेत पाण्याले. मी भेतो."

पाण्याची आणि घड्याळाची गाठ पडे ती फक्त पाहुण्यांसमोर. कुणी आलं की सरबताचा काचेचा ग्लास पाण्यानं काठोकाठ भरून यायचा, खुशालराव घड्याळ अलगद आत सोडायचे, आणि सगळी मंडळी ग्लासाभोवती माना घालून बसायची.

"बुडालं न बाप्पा!" पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नत्थुजी ओरडले होते.

"बुडालं नाई. पाहा, काटा फिरून राहिला."

"गुदमरत नसन ते?"

"सायबाचं हाये. दम धरून रायते."

हे पाहिल्यावर नत्थुजींनीही पाळीच्या बाबतीत त्या घड्याळाचा शब्द मानला. जे ग्लासात बुडून मरत नाही, ते खोटं कसं बोलेल?

वर्ष झालं तेव्हा सुभद्रेच्या नवऱ्यानं, चंद्रभाननं, घड्याळासोबत आलेला कंपनीचा कागद काढला. तो शाळेत मास्तर होता आणि इंग्रजी कागद वाचून दाखवण्याचं काम घरात त्याच्याकडेच असे.

"बाबा, वरसातून एकदा हे मुंबईले पाठवा लागते. उघडतात, पुसतात, तेल देतात, आतलं रबराचं वायसर बदलवतात, अन पाण्यात दाबून पाहतात."

"का बिघडलं त्याचं?"

"काई नाई बिघडलं."

"मंग कायचे पैसे?"

"बिघडू नये म्हणून."

"अन बिघडल्यावर?"

"त्याचे अलग."

खुशालरावांनी हातातली मेथीची जुडी करकचून बांधली. मग म्हणाले, "याच्यापरीस माहा बैल बरा. आजारी पडल्यावरच खर्च मांगते."

तरी घड्याळ मुंबईला गेलं. बिल आलं ते एका गोऱ्ह्याच्या किमतीचं. पण त्या बिलानं एक झालं: घड्याळाबद्दल घरात जी थोडीफार शंका शिल्लक होती, तीही गेली. फुकट मिळालेल्या गोष्टीवर माणूस संशय घेतो. जिच्यावर गोऱ्हा ओवाळून टाकला तिच्यावर कसा घेणार? सुभद्रा शेवंताला घेऊन माहेराहून आली ती नेमकी या सुमाराला. तिनंही बिल पाहिलं आणि मनात म्हटलं, चला, पोरीचं दूध आता खात्रीच्या हातात आहे.

मग अकोल्याचा उन्हाळा लागला. भांडी चुलीवर न ठेवता तापायला लागली. एका दुपारी खुशालरावांनी खुंटीवरच्या घड्याळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"तापून राहिलं व हे! आतलं तेल पातळ झालं तं परत मुंबई."

आता जे कोमेजू द्यायचं नसतं त्याचं काय करायचं, हे माळ्याला कुणी शिकवावं लागत नाही. फुलं, पानं, कोथिंबीर, सगळं ओल्या फडक्यात जातं. खुशालरावांनी स्वच्छ पांढरं फडकं भिजवलं, पिळलं, घड्याळ त्यात गुंडाळलं आणि रांजणाच्या तिवईखाली, मोगऱ्याच्या पाटीत, गारव्याला ठेवून दिलं. दुपारी फडकं वाळलं की गोदाबाई त्यावर कळ्यांबरोबर पाणी शिंपडत.

"ओलं चालेल ना मामाजी?" सुभद्रेनं एकदा विचारलं होतं.

"ग्लासात बुडते तं चालते, अन फडक्यानं का होते?"

तर्कशास्त्र तिनं कॉलेजात शिकलं होतं आणि त्या शास्त्रात हे वाक्य बरोबरच बसत होतं.

एक बारीक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही. त्या घड्याळाला चावी देताना बाजूची गुंडी आधी पेचासारखी उलटी फिरवून सोडवावी लागे, आणि चावी देऊन झाली की परत आत दाबून घट्ट आवळावी लागे. ती आवळलेली असली तरच घड्याळ पाण्याला पुरून उरे. खुशालराव पहाटे मेल गाडीच्या शिटीवर काटे लावत, चावी देत, आणि गुंडी हलक्या हातानं नुसती टेकवून ठेवत. लय आवळलं तर पेच झिजेल, पेच झिजला तर मुंबईवाले आणखी पैसे लावतील, हे त्यामागचं धोरण. पाहुण्यांसमोर ग्लासात सोडायच्या वेळी मात्र ते गुंडी आठवणीनं आवळत. घड्याळाची काळजी पाहुण्यांपुरती चोख होती.

चैत्र सुरू झाला आणि शेवंता वेळेआधी रडायला लागली.

घरात ठरलेल्या वेळा सगळ्यांना पाठ होत्या: सकाळी सहा, मग दहा, दोन, पुन्हा सहा, आणि निजताना दहा. पहाटेचं पिणं शांतपणे होई. पुढे मात्र पोरगी भूक लागल्यासारखी मुठी चोखे, मान वळवून पदर शोधे. सुभद्रा उठून पाटीतलं घड्याळ काढी, फडकं सोडी आणि पाही. दोनला अजून पाऊण तास. काटा टिकटिक चालत असे. तिनं पाहिलं तेव्हा तो नेहमी चालतच असे.

"राहा ग माझे बाई. अजून वेळ आहे."

पाऊण तासानं पुन्हा पाही, तर घड्याळात दोनला अजून अर्धा तास असे. पाऊण तास म्हणजे किती, हे रडणाऱ्या पोरीच्या आईला नेमकं कसं कळणार? आपलाच जीव उतावीळ झालाय असं ती स्वतःला समजावी. चोळी पुढून ओली होई, दूध पोटावर ओघळे, ती पदर घट्ट दाबून बसे. पुस्तकात आईच्या मोहाबद्दल एक परिच्छेदच होता.

"सूनबाई, तुह्यं लुगडं ओलं झालं," गोदाबाई म्हणत.

"रांजण पाझरतो आत्याबाई."

"रांजण तिकडं हाये."

एकदा संध्याकाळी मिलचा भोंगा झाला. मिल सहाला सुटे. खुशालरावांनी फडक्यातून घड्याळ काढलं तर साडेचार.

"मिल आज लवकर सुटली."

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

"रोजच लवकर सुटते व्हय?" गोदाबाईंनी विचारलं.

"काँग्रेसचं राज आलं न बाप्पा. मजुराइचे तास कमी केले असतीन."

"अन आपल्या ओट्यावरची सावली? तिचेबी तास कमी केले?"

"उन्हाळ्यात सावली सरकते. तुले नाई समजत."

तिकडे कुंपणापलीकडून नत्थुजी हाका मारत. "खुशालभाऊ, तुमची पाळी सरली का नाई? माह्यी भेंडी सुकून राहिली!"

"घड्याळात अजून टाइम हाये नत्थुजी. मी का करू? मुंबईहून तपासून आनलं."

ते खोटं बोलत नव्हते. घड्याळाचं मागे पडणं त्यांच्या वांग्यांना असं मानवलं होतं की वाफे हिरवेगार झाले होते, आणि माणसाला आपल्या फायद्याची वेळ दाखवणारं घड्याळ सहसा चुकीचं वाटत नाही. सुभद्रेला वाटायला हवं होतं. पण ती मनात मिलला दोष देई, सावलीला दोष देई आणि स्वतःलाही देई; फडक्यातल्या त्या गोल, गार, महागड्या गोष्टीकडे तिचं बोट काही जाईना.

आणि मग शेवंता शांत झाली. मुठी चोखेना, मान वळवेना. पाळण्यात पडून आढ्याकडे टुकूटुकू बघत राहायची. सुभद्रेला हायसं वाटलं. पुस्तकात हेही लिहिलं होतं: काही आठवड्यांत मुलाला वळण लागतं.

अक्षय तृतीयेला नणंद आली, बेबीताई. बार्शीटाकळीला दिलेली, तिचा मुलगा शेवंताच्याच बरोबरीचा, आणि त्यानं आल्यापासून घर डोक्यावर घेतलेलं.

"वैनी, तुह्यी पोट्टी रडत काहून नाई व? का चाटवतं तिले?"

"काही नाही चाटवत. वेळेवर पाजते."

"माह्यं हे पाहा. दिवसभर लटकून रायते अंगाले. सासू म्हणते, तू माय हायेस का गाय?"

सुभद्रा हसली. शहाण्या बाईला शहाणपण विचारलं की ती जशी खुलते तशी खुलली, आणि तिनं चार तासांचा सगळा नियम नणंदेला समजावून सांगितला. अडचण एकच होती. बेबीताईच्या सासरी घड्याळ नव्हतं. पण बेबीताई माळ्याचीच लेक. तिनं अंगणात बसून, वैनी एकदा पाजते आणि दुसऱ्यांदा पाजते त्या दरम्यान भाजी तोलायच्या मंडपाच्या खांबाची सावली कुठून कुठपर्यंत जाते ते पाहिलं, हार ओवायचा दोरा तेवढा लांब मोजून घेतला आणि टोकाला गाठ मारली.

"आता आमच्या अंगणातल्या खांबाले हाच लावतो. घड्याळबी नाई लागत अन मुंबईबी नाई लागत."

सगळ्यांनी तिच्या अकलेचं कौतुक केलं. खुशालराव म्हणाले, "पाहा, माह्या घड्याळाचा टाइम आता बार्शीटाकळीलेबी चालन."

बेबीताई गेल्यावर काही दिवसांनी शेवंताला तोलायचं ठरलं. महिन्यातून एकदा वजन करावं असं पुस्तकात होतं, आणि वजनासाठी या घराला कुणाच्या दारी जावं लागत नसे. मंडपात भाजीची मोठी तागडी टांगलेलीच होती. खुशालरावांनी पारड्यात मऊ धोतर अंथरलं, नातीला निजवलं आणि दुसरीकडे गेल्या खेपेचीच वजनं ठेवली. थोडं वाढलं असणार म्हणून वर टाकायला छटाकाची मापंही काढून ठेवली.

शेवंताचं पारडं वर गेलं.

"दांडी अडकली," खुशालराव म्हणाले. त्यांनी दांडी मोकळी केली, पारडी अदलाबदल केली, वजनं धोतराच्या सोग्यानं पुसली. पोरगी ज्या बाजूला ठेवावी ती बाजू वर जाई. शेवटी त्यांनी बाजूच्या ढिगातलं एक वांगं उचलून नातीच्या पायाशी ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. तेव्हा कुठे दांडी सारखी झाली.

भोंगा चुकू शकतो, सावली चुकू शकते. पण जन्मभर ज्या तागडीवर माल विकला ती चुकली असं खुशालरावांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

"पोट्टी वाळून राहिली," गोदाबाई म्हणाल्या. या वेळी अफूचं नाव त्यांनी काढलं नाही.

सुभद्रेनं शेवंताला उचललं आणि तिथेच, सासऱ्यांसमोर, वांग्यांच्या ढिगाशेजारी पाठ फिरवून बसून पदराखाली घेतलं. घड्याळात किती वाजलेत हे तिनं पाहिलं नाही. पोरीला आधी धरताही येईना; ओठ नुसते हलत. मग एकदाचा घुटका वाजला. सुभद्रेनं ओठ चावून धरले. रडली असती तर बाळ हललं असतं.

पोरगी पदराखालीच झोपल्यावर तिनं तिला गोदाबाईंच्या मांडीवर दिलं आणि रांजणाशी जाऊन बसली. फडकं उलगडलं, पण घड्याळ उचललं नाही. हात न लावता नुसती पाहत राहिली. काटा चालत होता, मग रेंगाळला, मग थांबला. ती पाहत राहिली. तो थांबलेलाच राहिला. मग तिनं हलकेच उचललं, आणि हाताचा हिसका लागताच काटा काही झालंच नाही अशा थाटात टिकटिक करत निघाला.

म्हणजे पडल्यापडल्या ते झोपा काढत होतं आणि कुणी विचारायला आलं की जागं होत होतं. तिनं घड्याळ उजेडात धरलं. काचेच्या आतून धुकं धरलं होतं आणि कडेला पाण्याचा एक थेंब होता. गुंडी बोट लावताच गरकन फिरली.

"मामाजी, यात पाणी गेलंय."

"पाणी जाऊच शकत नाई."

"गेलंय. आणि आता ते बाहेर येऊ शकत नाही."

खुशालरावांनी घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं, झटकलं. मग म्हणाले, "इतले पैसे घेतले न व त्यांनी!" हे ते घड्याळाला म्हणाले, कंपनीला की स्वतःला, हे समजायला मार्ग नव्हता. पण त्यानंतर ते तागडीखाली गेले आणि ती तीन वांगी कुणाला न विकता बैलापुढे टाकून आले.

तेव्हापासून शेवंताला मागेल तेव्हा दूध मिळू लागलं. पुस्तक सुभद्रेनं जाळलंबिळलं नाही; ते फळीवर आहे. त्यातलं उकळलेल्या पाण्याचं प्रकरण बरोबरच आहे असं ती अजून म्हणते. पोरगी हळूहळू भरून येते आहे, पण ऊन सोसत नाही. अजून तिला घेऊन उंबऱ्याबाहेर जाता येत नाही.

घड्याळ मुंबईला गेलं. पार्सलनं पाठवायची आता कुणाची छाती नव्हती, म्हणून शाळेची सुट्टी पाहून चंद्रभान स्वतःच घेऊन गेला. कंपनीनं उघडून पाहिलं आणि आत गंज चढल्याचं सांगितलं. भाग बाहेरदेशातून यावा लागेल, आणि खर्च मागल्या बिलाच्या कितीतरी पट. चंद्रभाननं घरी विचारलं की आणू का तसंच परत? खुशालरावांनी कळवलं की थांब आणि दुरुस्त करूनच आण. तिकडे नत्थुजी पाळीवरून कोर्टाच्या गोष्टी करून राहिले होते, आणि घड्याळाशिवाय कोर्टात काय दाखवणार?

या सगळ्या गडबडीत बार्शीटाकळीचा बाजार करून आलेल्या एका माणसानं मंडपात टेकता टेकता निरोप सांगितला. "तुमच्या बेबीताईचं पोट्टं लय गुणाचं झालं. आता रडतच नाई. पडून रायते अन आढ्याकडे पाहते."

खुशालरावांना आनंद झाला. गोदाबाईंनी नातवाची अलाबला घेऊन कानशिलावर बोटं मोडली. सुभद्रेच्या हातातली मेथीची जुडी तशीच सुटून खाली पडली.

"मामाजी, आजच्या आज कुणीतरी जायला पाहिजे. तो दोरा खोटा आहे."

"जाऊ न. घड्याळ आलं का जाऊ."

"घड्याळाचं काय काम तिथं?"

"घड्याळ नाई तं गाडी कशी पकडाची?"

आजवर खुशालराव शिटी ऐकून गाड्या पकडत आले होते. खरं कारण त्यांनी रात्री गोदाबाईंना सांगितलं आणि ते सुभद्रेनं भिंतीआडून ऐकलं: लेकीच्या सासरी जाऊन का सांगाचं, आमचं घड्याळ खोटं निघालं म्हणून? ग्लासात बुडवून त्याच व्याह्याले दाखवलं होतं.

सुभद्रेनं येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप धाडले: दोरा सोड, मागेल तेव्हा पाज. पहिल्याचं उत्तरच आलं नाही. दुसरा वाटेत उलटा होऊन पोचला असावा; त्याचं उत्तर आलं: "वैनीले म्हणा, काळजी नको करू. मी दोऱ्याच्या बाहेर एक घोट नाई देत."

सून एकटी नणंदेच्या सासरी गेली तर सोयरीक जुळण्याऐवजी तुटते असं गोदाबाई म्हणतात, आणि शेवंताला कुशीत घेऊन एवढ्या उन्हात जाणं तिच्या जिवावरचं आहे. नवरा मुंबईत एका गंजलेल्या चाकाची वाट पाहतोय. तेव्हा तुमच्यापैकी कुणी पुढल्या बाजाराला बार्शीटाकळीकडे जाणार असाल, तर एवढं करा. माळीपुऱ्यात बेबीताईचं घर विचारा. पोर रडतं का म्हणून विचारू नका. ती अभिमानानं नाही म्हणेल. अंगणातल्या खांबाकडेही पाहू नका. सरळ आत जा, पाळण्यातून पोराला उचला आणि हातात तोलून बघा. हलकं लागलं तर त्याच्या आईच्या पदराखाली द्या, आणि ते पिईपर्यंत तिथून हलू नका. मग आम्हाला कळवा.